खांद्यावरचा हात

सुरुवातीलाच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अमावस्येला मी खुशाल नवीन काम हातात घेते, आणि आमच्या घरात लिंबू-मिरची येते ती फक्त जेवणासाठी. आई असले अनुभव मोठ्याने वाचून दाखवायची तेव्हा मी म्हणायचे, "आई, लोकांची झोप पूर्ण होत नाही, दुसरं काही नाही." आज मीच लिहायला बसलेय. आईच म्हणाली, लिहून काढ, नाहीतर तुझ्या डोक्यातून जायचं नाही. नावं बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसं.

आम्ही इंदूरचे. पणजोबा संस्थानच्या नोकरीत इकडे आले आणि मग इथलेच झालो. आमच्या मराठीत हिंदी एवढी मिसळलीय की पुण्याचे नातेवाईक हसतात, तेव्हा सांभाळून घ्या. भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. समोर होस्टेल, खाली कोचिंगच्या पोरांची दिवसभर गर्दी. नवरा सकाळी सांवेर रोडला फॅक्टरीत जातो तो संध्याकाळीच येतो. दिवसभर घरात मी आणि आई.

मी फोटोंच्या फिल्म्स बनवते. लग्न, साठी, रिटायरमेंट, मुंज... लोक जुने फोटो आणून देतात, मी ते स्कॅन करून साफ करते आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांना हलतं करते. म्हणजे फोटो तोच, पण कॅमेरा हळूहळू चेहऱ्याकडे जातोय, मागचं झाड किंचित सरकतंय, खाली गाणं वाजतंय. हे कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढे लागेल. फोटोवर दोन खुणा करायच्या, त्यांना कीफ्रेम म्हणतात. पहिली खूण सांगते की सुरुवात इथून, दुसरी सांगते की शेवट इथे. मधला प्रवास कंप्यूटर करतो. तो आपल्या मनाने कुठेही जात नाही. जाऊच शकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात प्रभाकरकाका आले. इंदूरच्या मराठी मंडळींत मोठं नाव. एका खासगी कॉलेजचे प्राचार्य म्हणून रिटायर झालेले, उंच, ताठ, पांढरा शुभ्र सफारी. त्यांची पंचाहत्तरी होती आणि मोठा समारंभ ठरला होता. त्यांनी मिठाईच्या डब्यात भरून फोटो आणले होते.

"बेटा, एकदम ए-वन व्हायला पाहिजे," ते म्हणाले. "लहानपणापासून आतापर्यंत. एका अनाथ पोराने स्वतःच्या हिमतीवर काय केलं, ते लोकांना दिसलं पाहिजे."

मी डबा उघडला. नंतरचे फोटो चांगले होते. जुने बघून मात्र मी थबकले. जवळजवळ प्रत्येक जुना फोटो एका बाजूने कात्रीने कापलेला. सरळ, नीट, जपून कापलेला. काका शाळेच्या गणवेशात, काका सायकलवर, काका कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांसमोर, कॉलेजातल्या पहिल्या पँटमध्ये... आणि प्रत्येकात त्यांच्या डाव्या बाजूचं कुणीतरी कापून टाकलेलं. तीन-चार फोटोंत कापणाऱ्याचा नाइलाज झाला होता, कारण त्या माणसाचा हात काकांच्या खांद्यावर होता. हात कापायचा तर काकांचा खांदाही गेला असता. म्हणून हात तेवढा राहिला होता. मनगटापर्यंत.

"काका, हे कापलेलं..."

"कोपरे खराब झाले होते. जुने फोटो आहेत." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तो हात पण काढून टाक. कंप्यूटरमध्ये होतं ना ते?"

"होतं ना. बिल्कुल कळणार नाही."

आणि मी काढला. त्यात विशेष काही नाही. शेजारचं कापड उचलून हातावर रंगवायचं, शर्टाची चुणी जुळवायची, झालं. दुपारभरात सगळे खांदे मोकळे केले. मग फोटो टाइमलाइनवर, म्हणजे स्क्रीनवरच्या फिल्मच्या पट्टीवर, एकापुढे एक लावले, प्रत्येकाच्या कीफ्रेम दिल्या. सुरुवात पूर्ण फोटोपासून, शेवट काकांच्या चेहऱ्यावर. गाणं घातलं आणि प्ले केलं.

पहिलाच फोटो, शाळेच्या गणवेशातला. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याकडे निघाला... आणि मध्येच वळला. कडेला, खांद्याकडे. तिथे येऊन थांबला. आणि खांद्यावर हात होता.

मला वाटलं, माझीच गडबड झाली. साफ केलेल्या फोटोऐवजी मूळ स्कॅन घातला असेल. फोल्डर उघडून पाहिलं तर साफ केलेलाच फोटो होता, खांदा मोकळा. तीच फाइल टाइमलाइनवर पाहिली तर खांद्यावर हात. कीफ्रेम बघितल्या. मी दिल्या होत्या तिथेच होत्या, चेहऱ्यावर. आकडे बरोबर, आणि चित्र भलतीकडे चाललेलं.

पुढचा फोटो लावला. तेच. त्याच्या पुढचाही तसाच. प्रत्येक वेळी कॅमेरा चेहऱ्याकडे निघायचा आणि कुणीतरी मान धरून वळवावी तसा खांद्याकडे जायचा.

मग मी सगळं केलं, जे कुणीही करेल. सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. तात्पुरत्या फाइल्स पुसल्या. नवा प्रोजेक्ट उघडून फोटो पुन्हा घातले. एडिटिंगवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं तर तिघांनी सांगितलं की ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बघा. तोही बघितला. नवऱ्याच्या लॅपटॉपवर करून बघितलं. तिथेही हात आला, आणि तिथे तर तो जास्त स्पष्ट होता. नखं दिसत होती.

घाबरले नव्हते अजून. चिडले होते. भर दुपार, खाली पोरं समोशाच्या गाडीवर कल्ला करतायत, आणि मी स्क्रीनवर त्या हाताकडे बघत बसलेय. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

कप तिने टेबलावर ठेवलाच नाही. हातात धरून तशीच उभी राहिली.

"हा हात कुणाचा गं?"

"माहीत नाही. मी काढला होता, परत येतोय. काहीतरी बिघडलंय."

"मोठं कर बरं."

मी मोठं केलं. उजव्या हाताचं मनगट. त्यावर पुरुषी घड्याळ, रुंद चामड्याचा पट्टा. बोटं लांब, अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला.

आई खुर्चीत बसली. "कुमुदताई," ती म्हणाली. "ह्या आमच्या कुमुदताई आहेत."

"हातावरून ओळखलंस?"

"तीन वर्षं गणित शिकवलं त्यांनी आम्हाला. डावखुऱ्या होत्या, डाव्या हाताने फळ्यावर लिहायच्या, म्हणून घड्याळ उजव्या हातात. वडिलांचं घड्याळ होतं ते. आम्ही पोरी तासभर त्या घड्याळाकडेच बघत असायचो, तास कधी संपतो म्हणून." मग तिने विचारलं, "फोटो कुणाचा आहे?"

मी नाव सांगितलं. आईचा चेहरा बदलला.

कुमुदताई ही प्रभाकरकाकांची थोरली बहीण. आई-वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती आणि हा लहान होता. तिने शाळेत नोकरी धरली, शिकवण्या घेतल्या, भावाला इंजिनिअर केलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतः लग्न केलं नाही. आणि मग एक दिवस, आईची शाळा संपून बरीच वर्षं झाली होती तेव्हा, सगळीकडे बातमी झाली की कुमुदताईंना विरक्ती आली, त्या हरिद्वारला कुठल्याशा आश्रमात गेल्या.

"कुमुदताई आणि विरक्ती!" आई म्हणाली. "अगं, ती बाई दर नव्या सिनेमाला जायची. गॅदरिंगला आमच्याबरोबर नाचायची. निरोपही न घेता कशी जाईल? पण प्रभाकररावांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. आम्ही पण ऐकलं."

मी स्क्रीनकडे पाहिलं. अनाथ पोराने स्वतःच्या हिमतीवर केलं म्हणे. तेव्हा मला पहिल्यांदा त्या माणसाचा राग आला. त्या हाताची भीती मात्र वाटली नाही, हे खरं.

काकांना कच्ची फिल्म दाखवायची ठरलेली होती. लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. सकाळची वेळ, दिवाणखान्यात कूलर चालू, वसुधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पोहे आणून ठेवले. बारीक, शांत बाई. बोलणं अगदी कमी.

मी म्हटलं, "काका, एक प्रॉब्लेम आहे. तुम्हीच बघा." आणि प्ले केलं.

कॅमेरा वळला. हात आला.

काकांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "किसने बोला तेरेको?"

"काय?"

"कुणी सांगितलं हे करायला? कुणी पढवलंय तुला?" ते उभे राहिले. "हे बघ, या गावात मी चाळीस वर्षं लोकांना कामं दिली आहेत. माझ्या एका शब्दावर तुला एकही मराठी घर काम देणार नाही. समजली?"

"काका, मी कशाला करू? मला तर त्या कोण ते पण माहीत नव्हतं. आईने ओळखलं, कुमुदताई म्हणून..."

नाव ऐकल्यावर त्यांनी लॅपटॉपचं झाकण एवढ्या जोरात बंद केलं की पोह्यांची बशी खाली पडली.

"वेडी होती ती," ते म्हणाले. "पागल. आणि वेड्यांचे फोटो कुणी लावत नाही. जुने फोटो नकोतच. प्राचार्य झाल्यापासूनचे लाव. परवापर्यंत मला साफ फिल्म पाहिजे." आणि आत निघून गेले.

मी बशीचे तुकडे उचलायला वाकले, तर काकूही खाली बसल्या. तुकडे गोळा करता करता, वर न बघता त्या बोलायला लागल्या.

"कात्री माझ्याच हातात दिली होती त्यांनी. लग्नाला दोन वर्षं झाली होती मला. म्हणाले, एकेक काप. मी रडत रडत कापले. तो हात मात्र मुद्दाम ठेवला, त्यांना म्हटलं, तुमचा खांदा जातोय."

"काकू, त्या हरिद्वारला..."

"कुठलं हरिद्वार? वन्संना लग्न करायचं होतं. चाळिशी उलटून गेल्यावर. त्यांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांशी. सर बिचारे, बायको गेलेली, आपल्या जातीचे नव्हते. यांना प्राचार्य व्हायचं होतं तेव्हा, लोक काय म्हणतील! ओळखीच्या डॉक्टरकडून कागद करून घेतला आणि वन्संना दूरच्या एका गावी, वेड्यांना ठेवतात तशा एका घरात नेऊन टाकलं. कुलपात. शहाणी बाई ती. सरांना सांगितलं, ताई तुमचं तोंड बघायला तयार नाही. ते गाव सोडून गेले."

दारातून काकांच्या चपलांचा आवाज आला. काकू गप्प झाल्या. आवाज लांब गेल्यावर पुन्हा बोलल्या.

"मला एकदाच नेलं होतं भेटायला. केस कापून टाकले होते त्यांचे, अगदी मुळापासून. अंगावर जाडाभरडा पांढरा झगा. मला म्हणाल्या, वसू, त्याला सांग, मी येणार आहे. गुपचूप नाही येणार. सगळ्यांसमोर येईन." काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काही वर्षांनी तिकडून फोन आला, त्या गेल्या म्हणून. हे उठले, आंघोळ केली आणि कॉलेजात गेले. आणायला गेलेच नाहीत. तिकडच्यांनीच काय केलं ते केलं."

घरी येऊन आईला सांगितलं. आई रडली नाही. नुसती म्हणाली, "सोड ते काम." मी पण सोडणारच होते. पण काकूंचा फोन आला. "सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "तू नाही केलंस तर दुसरा कुणी करेल. तू कर."

आता हे नीट ऐका, कारण लोक मला नंतर म्हणाले, तूच केलंस, आईच्या बाईंसाठी बदला घेतलास. मनात नव्हतं असं नाही. खूप होतं. पण केलं नाही. मी जुना प्रोजेक्ट पूर्ण डिलीट केला. नव्या फिल्ममध्ये एकही जुना फोटो घेतला नाही. प्राचार्यपद, सत्कार, कॉलेजची नवी इमारत, मुलीचं लग्न, नातवाचं बारसं, परदेशची सहल, बस. सगळे फोटो कुमुदताई वारल्या त्यानंतरचे. त्या कुठल्याच फोटोत असणं शक्य नव्हतं. फिल्म बनवली तर काही झालं नाही. कॅमेरा सांगितलं तिथेच गेला. पेनड्राइव्हवर घेऊन आमच्या टीव्हीवर लावली, आईने पाहिली, नवऱ्याने पाहिली. काकांना पाठवली, त्यांनी दोनदा बघून कळवलं, "व्हेरी गुड."

समारंभ रविवारी सकाळी होता, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. हॉल खचाखच भरलेला. आई म्हणाली मी पण येणार, आणि तिच्या शाळेच्या तीन मैत्रिणींना घेऊन आली. स्टेजवर मधल्या खुर्चीत काका, रेशमी कुर्ता, खांद्यावर शाल. शेजारी काकू, हिरवी पैठणी. भाषणं झाली. प्रत्येकजण तेच म्हणत होता, पोरका मुलगा, स्वतःच्या बळावर... मी हॉलच्या मागे प्रोजेक्टरवाल्या भियांच्या (इकडे भैयाला भियाच म्हणतात) शेजारी उभी होते. फिल्म माझ्याच लॅपटॉपवरून चालणार होती. दिवे मंद केले. सुरू झाली.

पहिले दोन फोटो नीट गेले. तिसरा कॉलेजच्या नव्या इमारतीसमोरचा. कॅमेरा काकांच्या चेहऱ्याकडे निघाला... आणि वळला.

खांदा आला, खांद्यावर हात होता. घड्याळ, रुंद पट्टा.

चौथा, मुलीच्या लग्नातला. कॅमेरा खांद्यावर थांबला नाही, हाताच्या पुढे सरकला. कोपर दिसलं. पांढरी जाडीभरडी बाही.

"भिया, बंद करो," मी म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, कर रहा हूँ, सुन नहीं रहा." त्यांनी लॅपटॉपपासून प्रोजेक्टरला जाणारी वायरच उपटली. लॅपटॉपची वायर त्यांच्या हातात लोंबत होती आणि पडद्यावर पाचवा फोटो चालू होता. बारशाचा. काका पाळण्याशी उभे, आणि त्यांच्या डाव्या बाजूला एक बाई. केस मुळापासून कापलेले, गालाची हाडं वर आलेली. ती पाळण्याकडे बघत नव्हती. फोटो काढणाऱ्याकडेही नाही. ती काकांकडे बघत होती.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मग आईच्या मैत्रिणींपैकी एक उठून उभी राहिली आणि ओरडली, "कुमुदताई! अगं, ह्या कुमुदताई आहेत!"

मग कितीतरी बायका उठल्या. साठी-सत्तरीतल्या बायका, खुर्च्यांच्या रांगांतून एकेक उभी राहत गेली. "कुमुदताईच!" "केस कुठे गेले त्यांचे?" "त्या तर हरिद्वारला होत्या ना?" "हे असले कपडे का घातलेत त्यांना?"

पडद्यावर फोटो बदलत होते आणि प्रत्येकात ती होती. सत्कारात, समुद्रकिनारी, विमानतळावर. फोटोगणिक म्हातारी होत होती, वाळत होती, पण हात तिथेच. खांद्यावर.

"बंद करो इसको!" काका ओरडले. उठायला गेले आणि उठता आलं नाही. मी तोवर स्टेजपाशी पोचले होते, शपथेवर सांगते, त्यांचा डावा खांदा खाली दाबला गेला. वरून कुणी वजन टाकावं तसा. शाल घसरून पडली. रेशमी कुर्त्यावर खांद्यापाशी चार चुण्या पडल्या होत्या, बोटांनी मुठीत धरल्यावर पडतात तशा.

कुणीतरी दिवे लावले. पडदा रिकामा झाला.

आई पुढे गेली. माझी आई, जी बँकेत पासबुक भरायलाही मला पाठवते. ती स्टेजसमोर उभी राहून म्हणाली, "प्रभाकरराव, आमच्या बाई कुठे आहेत?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी समोरचा माइक उचलून त्यांच्या हातात दिला.

ते बोलले. आधी हो-नाही करत, मग सगळं. डॉक्टरचा कागद, गाव, कुलूप, चित्रकलेचे सर, आलेला फोन. मध्ये थांबले की त्यांचा खांदा आणखी खाली जायचा आणि ते घाईघाईने पुढचं सांगायचे. लहान मुलगा मार खाताना बोलतो तसं. शेवटी माइकमध्येच म्हणाले, "ताई, सांगितलं मी. सगळं सांगितलं. आता सोड."

आम्ही सगळे त्यांच्या खांद्याकडे बघत होतो. चुण्या गेल्या नाहीत.

लोक न जेवता उठले. पंगत मांडलेली तशीच राहिली. जाताना कुणी त्यांना नमस्कार केला नाही. ज्यांनी सकाळी हार घातले होते ते पुढच्या दाराने निघून गेले. कॉलेजने एका दालनाला त्यांचं नाव दिलं होतं, ती पाटी नंतर उतरवली असं कळलं. मुलगी परदेशातून आली होती, ती वडिलांशी न बोलता हॉटेलात राहायला गेली.

आता शेवटचं. हॉलमध्ये बऱ्याच जणांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. मी मागून मागून सगळ्यांकडून घेतलं. एकाही व्हिडिओत ती नाही. पडद्यावर माझी साधी फिल्म चालू आहे, कॅमेरा सांगितलं तिथे जातोय, काका हसतायत. फक्त आवाज आहेत. नातवाच्या बारशाचा गोड फोटो, आणि मागे बायकांचा आक्रोश, "कुमुदताई! केस कुठे गेले त्यांचे?" माझ्या लॅपटॉपवरची फाइल आजही नीट चालते. प्रोजेक्टरवाले भिया म्हणतात, वायर काढल्यावर चित्र दिसणं टेक्निकली होऊच शकत नाही. एक ओळखीचे मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, सामूहिक भास. असेल. पण ज्यांनी कुमुदताईंना कधी पाहिलंच नव्हतं, त्या प्रोजेक्टरवाल्यांनी मला त्या बाईचे कापलेले केस आणि पांढरा झगा जसाच्या तसा सांगितला, मी काही बोलायच्या आधी. मला उत्तर सापडलेलं नाही. शोधणंही आता सोडलंय.

काकांचा खांदा अजून तसाच आहे. हाडांचे डॉक्टर झाले, नसांचे झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका कडेला कलंडून चालतात. आडवं होता येत नाही, म्हणून खुर्चीतच डोळा लागेल तेवढी झोप. बोलायला कुणी येत नाही.

मागच्या आठवड्यात वसुधाकाकू बाजारात भेटल्या. भाजी घेत होत्या, चेहरा ताजातवाना. मी हळूच विचारलं, "काकू, घरात भीती नाही वाटत?"

"मला कशाची भीती? मला त्या काही करत नाहीत." त्यांनी मेथीची जुडी निवडून पिशवीत टाकली. "परवा हे माझ्यासमोर रडले. म्हणाले, वसू, तुझं ती ऐकेल, तू तिला जा म्हणून सांग."

"मग?"

"मी म्हटलं, तुम्ही त्यांना आणायला गेला होतात का?"